डोळ्यांची साथ आणि सभासद क्रमांक दोनशे अकरा

हिंगणघाट,
दि. २३ ऑगस्ट १९८१, रविवार

कै. सौ. कोकिळा चंद्रभान झाडे हीस,

चंद्रभान लक्ष्मणराव झाडे, बी. ए., सेवानिवृत्त हेडक्लार्क, उपकोषागार, याजकडून... येथे आशीर्वाद लिहावा की नमस्कार, या प्रश्नावर माझी दहा मिनिटे खर्ची पडली. तू हयात असताना मी प्रघाताप्रमाणे 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहीत आलो. परंतु गेल्या फेब्रुवारीपासून तू माझ्याहून वरिष्ठ ठिकाणी रुजू झाली आहेस आणि वरिष्ठांस आशीर्वाद पाठविणे शिष्टसंमत नाही. सबब नमस्कार. प्रकृतीची विचारपूस करावयाची असते. तुझी प्रकृती आता बिघडण्याचा संभव नसल्याने तो मजकूर गाळतो. माझा रक्तदाब ठीक आहे, भूक बेताची आहे, आणि भाजीत मीठ दोनदा पडते किंवा मुळीच पडत नाही.

इकडे महिनाभर डोळ्यांची साथ आहे. वर्तमानपत्रात लिहितात की ती देशोदेशी फिरत आहे. मला मात्र ती थेट हिंगणघाटचे तिकीट काढूनच निघाली असावी असे वाटते. गिरणीतील अर्धी पाळी लाल डोळ्यांनी घरी बसली आहे. बसस्थानकावर काळे चष्मे शेंगदाण्यांसारखे खपतात. रोग्याकडे नुसते पाहिल्याने रोग होतो, असा समज पसरल्यामुळे कोणी कोणाकडे पाहत नाही; दुकानदार आढ्याकडे पाहत तोलतो आणि गिऱ्हाईक जमिनीकडे पाहत भांडते. समोरच्या नत्थूजींच्या पुतणीला पाहावयास समुद्रपूरहून मंडळी आली होती. मुलाने काळा चष्मा काढला नाही, मुलीने मान वर केली नाही, आणि दोन्हीकडून पसंती आली. (आपल्या वेळी साथ नव्हती, तरीही मी तुझ्या पावलांपलीकडे काही पाहिले नव्हते, ही गोष्ट अलाहिदा.)

शासनाच्या आरोग्य खात्याचा एक सद्गृहस्थ चौकात टेबल मांडून डोळ्यांत मोफत थेंब घालतो. त्याच्या टेबलापाशी दिवसभरात एक बैल येऊन उभा राहतो, बाकी कोणी नाही. आपल्या भाजीवाल्या कमलाबाईस मी याचे कारण विचारले. ती म्हणाली, "तवा नसबंदीच्या टायमाले तुपाचा डब्बा देऊन राह्यले होते बाबूजी, आता थेंब देऊन राह्यले. सरकार फुकट देते म्हंजे काईतरी कापतेच." मी तिला सार्वजनिक आरोग्याची तीन अंगे क्रमवार समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले, दोन वांगी जास्तीची घातली आणि म्हणाली, "तुमाले आराम पाह्यजे." ही झाली शासनावरील जनतेच्या विश्वासाची स्थिती. आता बँकेकडे वळतो, कारण तिथे माझा संताप अधिक साधार आहे.

आपल्या वणाकाठ सहकारी बँकेचे व्यवस्थापक मोतीलालजी यांचे डोळे प्रथम आले, मागाहून खजिनदाराचे, नंतर दोन्ही कारकुनांचे. पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी सह्या ताडून पाहता येईनात, म्हणून सोमवारी आठवडाभर बँक बंद ठेवण्याचे ठरले आणि सूचनाफलकाचा मसुदा करण्यासाठी मला बोलावणे आले. मोतीलालजींचे म्हणणे होते की 'आमचे डोळे आले, पुढल्या सोमवारी या' एवढे लिहावे. मी ते फेटाळले; संस्थेस डोळे नसतात. मी लिहिले: 'नेत्ररोगाच्या प्रादुर्भावास अनुलक्षून व शासनाच्या आरोग्यविषयक सूचनांस अधीन राहून बँकेचे सर्व व्यवहार पुढील आदेश होईपर्यंत स्थगित करण्यात येत आहेत.' या वाक्यात एकही चूक नाही. आजही मी त्यातील पूर्णविरामसुद्धा बदलणार नाही. परंतु गावाने त्यातील 'शासन' आणि 'स्थगित' एवढे दोनच शब्द उचलले, आणि दिवेलागणीपर्यंत सरकारने बँकेला सील ठोकल्याची वार्ता स्टेशनापर्यंत पोचली. ज्या सरकारवर थेंबाएवढा विश्वास नाही, त्याच सरकारने बँक बुडविली यावर मात्र सर्वांचा तत्काळ विश्वास बसला!

बुधवारी सकाळी बाराएक बायका आपल्या बैठकीत येऊन बसल्या. (सर्वांचे डोळे लाल. माझ्या टॉवेलास एकीने हात पुसले.) या तुझ्याच बायका. तू दारोदार फिरून ज्या साठ जणींना दहा-दहा रुपयांचा एकेक शेअर घ्यावयास लावलास, त्यांपैकी. कमलाबाई पुढे होती, तिच्या शेजारी जिनिंगमधली रुख्माबाई. त्या बँकेत गेल्या नाहीत, संचालकांकडे गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या, आणि त्याही सल्ल्यासाठी नव्हे.

"बाबूजी, खरं सांगजा," रुख्माबाई म्हणाली, "बाईचा शेर तुमी काढला का नाई?"

तुला सांगावयास हवे की मी या महिन्याच्या दहा तारखेस बँकेत अर्ज दिला होता. सभासद मृत झाल्यास वारसाने त्याचा शेअर आपल्या नावे करून घ्यावा, असा नियम आहे. मी सहा महिने चालढकल केली (पूर्वी मी चालढकल करणाऱ्यांचे अर्ज परत पाठवीत असे), आणि अखेर अर्ज दिला. त्यास बँकेच्या भाषेत हस्तांतरण म्हणतात. रुख्माबाईच्या भाषेत काढणे म्हणतात. अर्ज मंजूर झाला की तुझ्या नावावर लाल रेघ. मला खोटे बोलता येत नाही, आणि खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही. मी म्हणालो, "सदर बाब विचाराधीन आहे."

"म्हंजे काढला!" रुख्माबाई उठली.

"थांब वं," कमलाबाई म्हणाली. "हा माणूस कागदावानी बोलते, पण खोटं नाई बोलत. बाबूजी, सिधं सांगा. बाई तं गेली. पण बाईचा शेर हाये, तं आमचा बी हाये. बाईचाच निंघाला, मंग आमी काऊन थांबाव?"

मी चपला घातल्या आणि मोतीलालजींच्या घरी निघालो. तुझ्या साठ जणींनी हात काढून घेतला, तर त्यांचे नवरे ठेवी मागतील, आणि ज्या बँकेस यत्किंचितही काही झाले नव्हते ती सोमवारी दार उघडताच खरोखरच बुडेल, एवढे हिशेबज्ञान मला आहे. बुडणारी बँक संचालकांची, परंतु तिच्यासाठी उन्हात पायपीट केलेली तुझी.

मोतीलालजी डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवून पडले होते. माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, असे विचारताच ते पट्ट्यांखालून म्हणाले, "झाडेसाहेब, आठ दिवस झाले, मी घरवालीचं तोंड नाई पाह्यलं, तुमचा अर्ज कुठून पाहू? टेबलाच्या खणात असंन. ह्या घ्या चाब्या, तुमीच पाहा." बँकेच्या किल्ल्या बिगरकर्मचारी इसमाच्या हाती देणे सर्वस्वी अयोग्य असल्याचे मी निदर्शनास आणले. ते म्हणाले, "डोळे उघडले का लेखी देतो." शेवटी मीच पावती लिहून त्यांच्या उशीखाली ठेवली. (किल्ल्या दोन: बाहेरचे दार व खण. तिजोरीची किल्ली खजिनदाराकडे असते.)

माझ्या हातात किल्ल्या पाहून बँकेसमोर जमलेल्या गर्दीचा जो समज झाला, तो लिहिण्याजोगा नाही. कमलाबाई म्हणाली, "मी जातो अंदर यायच्या संगं," आणि आम्ही दोघे आत गेलो. अर्ज खणात सर्वांत वर होता, आवक क्रमांक पडलेला, पुढे कोरा.

"फाडून टाका ना जी," कमलाबाई म्हणाली.

आवक क्रमांक पडलेला कागद फाडता येत नाही. मी दुसरा अर्ज लिहिला: 'अर्जदार आपला दि. १० चा अर्ज मागे घेत आहे.' कारण नमूद करणे आवश्यक असल्याने 'वैयक्तिक' असे नमूद केले. कोकिळे, हिंगणीच्या एका इसमाने मृत वडिलांस चार वर्षे कागदोपत्री जिवंत ठेवून त्यांचे पेन्शन खाल्ले होते. त्यास मी पकडले, त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. तोच मी त्या खुर्चीत बसून, पूर्ण शुद्धीत, स्वच्छ अक्षरात, तुला सभासद ठेवण्याची व्यवस्था करीत होतो. एकही शब्द खोडावा लागला नाही, याचेच मला वैषम्य वाटले.

कमलाबाई पायरीवर जाऊन म्हणाली, "बाईचं नाव वहीत हाये. मोतीलालभाऊचे डोळे आले म्हून कुलूप हाये. सोमवारी उघडते. चाला, माये वांगे सुकून राह्यले." गर्दी पांगली. मोतीलालजींना फलकावर नेमके हेच लिहावयाचे होते, हे मी त्यांना कळविलेले नाही, व कळविणार नाही.

तुझा,
चं. ल. झाडे

ता. क. शासनावरील विश्वास वाढावा म्हणून गुरुवारी मी स्वतः चौकातील टेबलावर जाऊन निरोगी डोळ्यांत थेंब घालून घेतले. ते पाहून अकरा बायकांनी घालून घेतले. शुक्रवारी माझे डोळे आले. हा टॉवेलाचा परिणाम असल्याचे मी प्रत्येकीस सांगितले, कमलाबाई एवढेच म्हणाली, "पाह्यलं?" आरोग्य खात्याच्या टेबलापाशी पुन्हा एकटा बैल आहे. या कागदावर शाई जिथे फुटली आहे, तिथे कारण हा रोग होय. अन्य अर्थ काढू नये.

ता. क. २. पत्राचे मूळ कारण असे की, रुख्माबाई आता सर्वत्र सांगत आहे की तू बुधवारी पहाटे तिच्या स्वप्नात आलीस आणि बँकेविषयी विचारपूस केलीस. सहा महिन्यांत माझ्याकडे एकदाही नाही, आणि रुख्माबाईकडे बँकेसाठी! यापुढे बँकेसंबंधी काही विचारावयाचे असल्यास ते थेट माझ्याकडे विचारावे, ही विनंती. बँकेसंबंधी नसले तरी चालेल. मी दहा वाजता झोपतो.

ता. क. ३. वरील मजकुरात एक नोंद राहून गेली. बँकेचे दार साडेअकरा वाजता उघडले. अर्जाचे काम दहा मिनिटांचे. कमलाबाई गेल्यावर सभासदांचे रजिस्टर काढून क्रमांक दोनशे अकरासमोरील तुझी सही पाहिली. ती चौकटीबाहेर गेलेली आहे, याबद्दल त्या वेळी मी तुला बोललो होतो. दार सव्वा वाजता बंद केले. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिले व किल्ल्या मोतीलालजींच्या हाती परत केल्या.