चावी फिरवायची राहिली आहे

सांगवी,
शनिवार, सकाळचे सव्वाआठ

ती. आप्पासाहेबदादांना धाकट्या राजलक्ष्मीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी शेक देत असतीलच. देत नसतील तर मागून घ्या. माझी प्रकृती उत्तम आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचे वाचून तुम्हाला शंका येईल. फोन करत नाही, कारण तुम्ही तो स्पीकरवर लावता आणि मग तुमच्या ओट्यावर टेकलेली लोणी देवकरच्या कारखान्यातली निम्मी पाळी माझे बोलणे ऐकते. आणि यातले एक अक्षरही आमच्या अविराजला कळता कामा नये.

अविराजचे म्हणणे तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांची जुनी गाडी भंगारात द्यावी, इथल्या घराला कुलूप लावावे आणि मी पुण्यात त्याच्याकडे अकराव्या मजल्यावर राहावे. (तिथे दिवसभर काय करायचे, असे मी विचारले. "आराम," म्हणाला. लेकराने आईला इतके कमी ओळखावे!) गाडी दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर चालली आहे, पेट्रोलच्या जोडीने ऑईलही पिते आणि मागे इतका निळा धूर सोडते की मी बारामतीहून निघाले म्हणजे कुणाचा तरी उसाचा फड पेटला, असे लोकांना वाटते. हे सगळे खरे आहे. म्हणूनच मला राग आला, आणि रागात मी शब्द दिला: उद्या, रविवारी दहा वाजता ये. गाडी धूर न सोडता चालली तर मी इथेच राहणार. नाही चालली तर पिशवी भरून तुझ्याबरोबर निघणार. चौतीस वर्षे शाळेत मुलांना दिलेला शब्द पाळायला लावला. आता मला पळवाट नाही.

मी आधी रीतसर गॅरेजातच गेले होते. तिथला मिस्त्री बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात म्याडम, ऑईल आत जळतंय. साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो." साहेबांना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांना समजावायचे तर तुम्हालाच तिकडे जावे लागेल, असे मी त्याला सांगितले आणि घरी येऊन इंजिन स्वतः उघडले. बी.एस्सी. आहे मी, एकोणऐंशी सालची. रसायनशास्त्र असले म्हणून काय झाले? इंजिनात तरी दुसरे काय जळते?

पाच आठवडे गेले, दादा. हेड उतरवले, खालून ऑईलचा चेंबर काढला, चारही पिस्टन वर ओढून काढले. प्रत्येक भागाला खडूने क्रमांक दिला. (मोबाईलवरच्या चित्रफितीतला माणूस सगळे "बहुत आसान है" म्हणत करतो. त्याच्या मागे दोन माणसे पाने हातात देत उभी असतात, हे मला तिसऱ्या आठवड्यात दिसले.) जुन्या रिंगा झिजलेल्या निघाल्या, नव्या बसवल्या. रात्री झोप म्हणून नाही. डोळा लागला की पिस्टन उलटा बसवल्याचे दिसते. उठून वही पाहते, तर सुलटाच बसवलेला असतो.

मोठे संकट मात्र इंजिनात झाले नाही, स्वयंपाकघरात झाले. आठ व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येकाला धरून ठेवणारे दोन बारके लॉक, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. असे सोळा लॉक धुऊन, पुसून मी एका स्टीलच्या डब्यात ठेवले. डबा शेजारच्या नूरजहाँचा. ईदेला शीरखुर्मा घेऊन आला होता आणि परत द्यायचा राहिला होता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दगडाबाईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण रीतभात तिला स्वच्छ दिसते. शेजारणीचा डबा इतके दिवस ठेवू नये, आणि परत देताना रिकामा देऊ नये. तिने तो साखरेने काठोकाठ भरला आणि नूरजहाँला नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी नूरजहाँचा नवरा अय्युब (तोच, टेम्पोवाला, ज्याच्याबरोबर हे पत्र पाठवते आहे) गाल धरून दारात उभा. "ताई, कारखान्यानं साखरेत काय घालाय सुरू केलंय? शिऱ्यात खडा लागला, दाढ हलली माझी!" मी दगडाबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "मग काय रिकामा द्यायचा व्हता व्हय डबा? चार लोकांत तोंड कुठं दाखवायचं?" रीत बरोबरच होती.

तोवर ती साखर नूरजहाँच्या मोठ्या डब्यात मिसळली होती. चाळण लावली असती, पण एक दाणा निसटला तर? शेवटी रसायनशास्त्र कामाला आले. तिची सगळी साखर कोमट पाण्यात विरघळवली आणि पंचातून गाळली. पंधरा मिळाले. सोळावा अय्युबने खडा समजून अंगणात थुंकला होता. तो शाळेतून निरोपाच्या दिवशी हट्टाने मागून घेतलेल्या नालाकृती चुंबकाने गवसला. (नूरजहाँला दुप्पट साखर दिली. "राहू द्या ताई, पन फुडच्या ईदेला डबा न्हाय, पातेलंच पाठवते," म्हणाली.) लॉक सात वेळा धुतले. साखरेचा कण इंजिनात गेला असेल का, हा विचार मात्र धुता आला नाही.

असो. गुरुवारपासून इंजिन पूर्ण जोडलेले आहे. ऑईल भरले, पाणी भरले, बॅटरी चार्ज केली. चावी अजून फिरवलेली नाही. धीर होत नाही, असे समजू नका. ऑईल सगळीकडे नीट उतरू द्यावे, इतकेच. दोन दिवसांत ते उतरले असावे.

गुडघा जपा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
राजलक्ष्मी

ता.क. तुमच्याकडून काहीही नको. हे पत्र केवळ खुशालीचे आहे.

ता.क. २. सव्वानऊ. अय्युब पत्र न्यायला आला. "बघू तरी," म्हणत मला न विचारता आत बसला आणि त्याने चावी फिरवली. दादा, गाडी सुरू झाली! पहिल्या झटक्यात. आधी जरा पांढरी वाफ आली, मग तीही नाही. दगडाबाई रडली. मी रडले नाही. डोळ्यांत पेट्रोलचा वास गेला होता.

ता.क. ३. पावणेदहा. गाडी अजून चालूच आहे. बंद करायचा धीर होत नाही. बंद केली आणि पुन्हा लागली नाही तर? सुरू झाली तेव्हा टाकीत सात लिटर पेट्रोल होते आणि जागेवर ताशी सुमारे पाऊण लिटर जळते, म्हणजे संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत चालेल. चालू गाडीत पेट्रोल ओतू नये, हे मीच वर्गात शिकवले आहे. अविराज उद्या दहाला येणार. तेव्हा हे वाचताक्षणी त्याला फोन करा आणि आजच बोलावून घ्या. मी बोलावले तर घाबरले म्हणेल. कारण तुम्हाला सुचेल ते सांगा. आई एकाएकी फार आजारी पडली, असे सांगितलेत तरी माझी हरकत नाही. पण सहाच्या आत.