निरोपाची वाट न बघणारं प्रोटीन

१८ मार्च, सोमवार. पात्रा, ग्रीस.
आजपासून ईस्टरचे उपास. मांस, अंडी, चीज बंद. यंदा कडक पाळणार. लॅबमधली कायमची जागाही यंदा मीच घेणार. जागा एक, उमेदवार दोन: मी आणि पोलिक्सेनी. हरणाऱ्याला जूनमध्ये नारळ. बिचारी पोलिक्सेनी.

१९ मार्च
चीजची पेस्ट्री खाल्ली. उभ्याउभ्या खाल्ली, म्हणून धरत नाही.
काम सोपं आहे. पेशीच्या पृष्ठभागावर निरोप येऊन थडकतो, आतली प्रोटीनं तो हातोहात पुढे देतात, शेवटचं प्रोटीन थेट केंद्रकात शिरून सांगतं, चला, वाढा. आपण त्या शेवटच्याला हिरवं रंगवायचं आणि बघायचं. फक्त आदल्या दिवशी पेशींना उपाशी ठेवायचं, म्हणजे आत सगळं शांत राहतं.

२५ मार्च
देवदूताने मरियेला निरोप दिला, तो सण. आज उपासातही मासे चालतात. आईकडे तळलेला कॉड, लसणाची चटणी. भरपेट. तिथून लॅब. पेशींना उपाशी ठेवायची वेळ झाली, पण हात धजेना. आमच्या घरातून सणाच्या दिवशी मांजरसुद्धा उपाशी जात नाही. सीरम, म्हणजे पेशींचं खाणं, घातलं, सढळ हाताने. विज्ञानाला माणुसकीचं वावडं नसावं.

२६ मार्च, दुपार
ज्या पेशींना निरोप दिला, त्यांची केंद्रकं हिरवी. ज्यांना दिलाच नाही, त्यांचीही हिरवीगार! म्हणजे माझं प्रोटीन निरोपाची वाटच बघत नाही. पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार. बदलू देत.

२७ मार्च
पोलिक्सेनीला फोटो दाखवले. म्हणाली, आनेस्तिस, उपाशी ठेवल्या होत्यास ना रे? म्हटलं, तू तुझं बघ. म्हणाली, अरे, वेळ आहे अजून, एकदा परत करून बघ. जळते मेली. परत कशाला करायचं? दिसलं ते दिसलं.

५ एप्रिल
आईला सांगितलं, जागा मिळाल्यात जमा आहे. आईने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने चर्चमध्ये. आता माघार नाही.

१२ एप्रिल
निवडीची मीटिंग. आमच्या प्रमुख कालिरोई मॅडमनी विचारलं, पेशी किती वेळ उपाशी होत्या? छातीठोकपणे सांगितलं, अजिबात नाही, सण होता. मग मॅडम म्हणाल्या, अरे बाळा, तू निरोप म्हणून वरून जे घालतोस, ते सीरममध्ये आधीच असतं. तू दोन्हीकडे निरोप दिलास. पोलिक्सेनी म्हणाली, आणि सीरम वासराच्या रक्ताचं! त्या दिवशी मासे चालतात रे, वासरू नाही. पेशींचा उपासही बाटवलास. सगळे खो खो हसले. तिने आपल्या उपाशी, निरोप न दिलेल्या पेशी दाखवल्या. केंद्रकं काळीकुट्ट.
हसा. मोठ्या शोधांना आधी हसतातच.

१५ एप्रिल
जागा पोलिक्सेनीला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आईचा फोन उचलला नाही.

१६ एप्रिल, सकाळ
मॅडमनी बोलावलं. निर्णय फिरला, अशी खात्रीच होती. म्हणाल्या, तुझे फोटो दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायचेत, पेशी उपाशी ठेवल्या नाहीत तर काय होतं ते. चालेल का? चालेल म्हटलं, पण खाली नाव माझं पाहिजे. म्हणाल्या, नाव नकोच असेल असं वाटलं होतं. मी हटलो नाही. नाव पाहिजे. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.