तांबं विकताना कोणी रडत नाही

बाबा, तुमचं तांबं विकलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढी वर्षं ते बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या मागच्या भिंतीला लागून, तुम्ही ठेवलं होतं तसंच पडून होतं. आईने कोणाला हात लावू दिला नाही. यंदा मार्चमध्ये घर विकलं, आई माझ्याकडे राहायला आली आणि घर घेणाऱ्यांनी बेसमेंट रिकामं करून मागितलं, तेव्हा कुठे वेळ आली. एकोणतीस बादल्या निघाल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: सोललेली, न सोललेली, मोटारीतली, नळ्या. तुमचं अक्षर बघून मला रडू येईल असं वाटलं होतं, पण पहिलीच बादली उचलताना कंबरेत अशी उसण भरली की आधी तुमचा रागच आला. त्या रागातच लिहायला बसले असते तर हे पत्र सोपं गेलं असतं.

तुमचं तत्त्वज्ञान तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत ते गराजमध्ये. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते. गाड्यांच्या वायरिंगचा तुमचा प्लांट कंपनीने सीमेपलीकडे मेक्सिकोत नेला होता, तुमचा ले-ऑफ झाला होता आणि मिशिगनमधल्या आपल्या नोव्हाय गावातल्या निम्म्या मराठी घरांत आपल्याबद्दल हळू आवाजात बोललं जात होतं. मला अजून दिसतं: तुम्ही स्टुलावर बसला आहात, पायाशी छोटा हीटर, व्हाइसच्या पकडीत अडकवलेली वायर. चाकू चालवायचा तो अंगठ्याकडे नाही, बाहेरच्या दिशेने. वरचं प्लास्टिक सोलून निघतं आणि आतून लालसर तार निघते. सोललेल्या तारेला भंगाराच्या यार्डात भाव चांगला, न सोललेलीला निम्मासुद्धा नाही, म्हणून दर रविवारी तुम्ही सोलत बसता आणि मी नाइलाजाने शेजारी. त्या दिवशी तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सोनं विकताना घरात कोणीतरी रडतं. तांबं विकताना कोणी रडत नाही." अमेरिकेला येताना आपल्या तिघांच्या विमानाच्या तिकिटांसाठी तुम्ही सांगलीच्या सराफाकडे आईच्या चार बांगड्या दिल्या होत्या, हे मला माहीत होतं. आई तेव्हा रडली होती का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत.

नंतर तुम्हाला दुसरी नोकरी लागली, बरीच बरी लागली, पण बादल्या वाढतच गेल्या. शेअर हा कागद, बँक ही दुसऱ्याची तिजोरी, आणि तांबं म्हणजे आपल्या हाताने उचलून बघता येतं ते. शिवाय उद्या सगळ्या गाड्या विजेवर चालणार, एकेका गाडीत किती तांबं लागेल, हे तुम्ही कोणी विचारायच्या आत सांगायचात. हे खरं ठरलं, बाबा. आज आमच्या रस्त्यावर दर तिसऱ्या घरासमोर विजेची गाडी उभी आहे आणि तांब्याचा भावही तुमच्या वेळेपेक्षा कितीतरी वर आहे. चूक झाली ती दुसरीकडेच. भाव चढतो तो खाणवाल्यासाठी आणि मोठ्या व्यापाऱ्यासाठी. बेसमेंटमध्ये बादल्या भरून बसलेल्या माणसापर्यंत तो येतो तेव्हा वजन, वाहतूक, मळ, सोल्डरचा डाख सगळं कापून येतो. तांब्यावर व्याज मिळत नाही, जागा मात्र लागते. आणि तुम्ही नुसतं भंगार घेतलं असतंत तरी एक वेळ ठीक, पण शेवटच्या काही वर्षांत तुम्ही दुकानातून कोऱ्या नळ्यांची वेटोळी विकत आणायला लागलात. कोरी नळी दुकानाच्या दारातून बाहेर आली की तीही भंगारच, हे तुमच्यासारख्या इंजिनिअरला कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. माझ्या लग्नानंतर पहिल्या घरात तुम्ही तसलंच एक पन्नास फुटांचं वेटोळं लाल रिबन बांधून आणून दिलंत. घर बदलताना ते मी मुद्दाम तिथल्या गराजमध्ये विसरले. तुम्ही पुढे दोनदा विचारलंत, ते कुठे आहे, आणि दोन्ही वेळा मी स्टोरेजमध्ये आहे म्हणून सांगितलं.

आणि ते जेवण. तुमच्या मित्राच्या घरी, काकांकडे, काकू होत्या तेव्हाची गोष्ट. काकांना तुमची थट्टा करायला फार आवडायचं. ते सगळ्यांना सांगत होते, की ह्याच्याकडे लक्ष्मी कमळात बसून येत नाही, भंगाराच्या ट्रकमधून येते. सगळे हसले. मीही हसले, आणि तेवढ्यावर न थांबता म्हणाले, "काका, बाबा गेल्यावर मला आधी कचऱ्याचा डम्पस्टर भाड्याने घ्यावा लागणार आहे." सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. तुम्ही हातात भाताचं भांडं घेऊन किचनच्या दारात उभे होतात. तुम्ही ते टेबलावर ठेवलंत, सगळ्यांना वाढलंत. परत येताना गाडीत तुम्ही समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "डम्पस्टरला आपण पैसे द्यायचे असतात. यार्डवाला आपल्याला देतो. यार्डातच ने." आयुष्यात तुम्ही मला फार कमी वेळा बोललात, आणि हे बोलणं तर रागाचंही नव्हतं. मी सॉरी म्हणायला हवं होतं. मी रेडिओ लावला.

तर मी यार्डातच नेलं, बाबा. ट्रक भाड्याने घेतला. तिथल्या माणसाने माझ्या लायसन्सची कॉपी काढली, हे तांबं कुठून आणलंस म्हणून विचारलं, जसं काही मी कोणाच्या घराच्या नळ्या उपटून आणल्या आहेत. माझ्या वडिलांचं आहे, म्हटलं. मग त्याने एकेक बादली ओतून निवडायला घेतली. तुमच्या 'सोललेली'मधलीही बरीच तार त्याने खालच्या ढिगात टाकली, कारण ती काळी पडली होती. कोऱ्या नळ्या इतर नळ्यांबरोबर गेल्या. एका बादलीत हात घालून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "समबडी डिड ऑल धिस बाय हँड?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. शेवटी जो आकडा निघाला तो सांगायला मला जड जातंय. तुमच्या वीस वर्षांच्या रविवारांना जरा बरी वॉशिंग मशीन आणि ड्रायर येईल, एवढं म्हणते आणि सोडते.

मी यार्डाच्या पार्किंगमध्येच होते तेव्हा आईचा फोन आला. ती सकाळपासून वाट बघत होती. किती आले असं तिने विचारलंच नाही. ती म्हणाली, "शेवटी ह्यांचंच खरं झालं ना गं?" आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. हो म्हटलं, आणि मग तिने आकडा विचारल्यावर खऱ्या आकड्यावर एक शून्य वाढवून सांगितलं. मग ती म्हणाली, तुझ्याकडेच ठेव, लेकीच्या कॉलेजला होतील, आजोबांकडून. म्हणजे या खोट्याला मला एक डॉलरही खर्च आला नाही. तेव्हा मला त्यात हुशारीच वाटली.

पण आई ते पोटात ठेवणार थोडीच. मराठी मंडळींच्या पुढच्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिने ते सांगितलं, मग त्याच्या पुढच्या पॉटलकला सांगितलं. ह्यांच्या तांब्यावर नातीचं कॉलेज होणार. एवढी वर्षं जो नवरा गावाच्या चेष्टेचा विषय होता, त्याच्याबद्दल ती मान ताठ करून बोलत होती, आणि मी शेजारी बसून गप्प राहत होते.

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात, मुलगी लांब रेडमंडला असते. म्हणाले, ये जरा, एक गंमत दाखवायची आहे. त्यांनी काकूंचं कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांमध्ये तांब्याच्या विटा होत्या, एकेक किलोच्या, चकचकीत, वर छाप मारलेल्या. ऑनलाइन मागवलेल्या. मी बिल बघितलं. यार्डाच्या भावाच्या कितीतरी पट किंमत त्यांनी त्या छापाची आणि चकाकीची मोजली होती, आणि यार्डवाला त्या विटा नुसतं तांबं म्हणूनच मोजणार. मी विचारलं, एवढे पैसे कुठून काढलेत? काका म्हणाले, "तिच्या बांगड्या दिल्या. मुलीला विचारलं होतं, ती म्हणाली, बाबा, आय वोन्ट वेअर दीज. मग वहिनींनी सांगितलेला आकडा आठवला, आणि तुझा बाप म्हणायचा ते." आणि मग हसून म्हणाले, पाटल्या आणि तोडे आहेत अजून, शनिवारी सराफाकडे घेऊन चल, मला आता हायवेवर ड्राइव्ह करवत नाही.

चार दिवस मी काय काय करून बघितलं. फोन करून म्हटलं, काका, भाव पडेल असं वाचलं मी. ते म्हणाले, तू तेव्हाही असंच म्हणायचीस. खरं सांगावं तर माझं पितळ उघडं पडणार, त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. पण काकांच्या तोंडून ते आईपर्यंत जाणार. तिला या वयात तुम्हाला दुसऱ्यांदा हरलेलं बघायला लागणार. एकीकडे आईची ताठ मान आणि दुसरीकडे काकूंच्या पाटल्या, आणि दोन्ही माझ्या एका शून्यावर टांगलेलं. शनिवारी मी गाडी काढली. काका तयार होऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सराफाच्या दुकानासमोर मी गाडी लावली, तेव्हा त्यांच्या मांडीवर काकूंची जुनी जांभळी कापडी पिशवी होती आणि तिच्यावर त्यांचे दोन्ही हात.

"काका, मी आईला खोटं सांगितलं," मी म्हटलं. "एक शून्य जास्त सांगितलं."

त्यांनी खरा आकडा विचारला, मी सांगितला. ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, की सराफ त्या बांगड्या वितळवतो ना, तशा ठेवत नाही? मी म्हटलं, वितळवतो. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मी माफी मागितली. ती त्यांना ऐकू आली की नाही, माहीत नाही. मग ते म्हणाले, "वहिनींना सांगू नकोस. त्या दिवशी जेवताना आपण हसलो, तेव्हा त्या आत किचनमध्येच होत्या. सगळं ऐकलं त्यांनी." मला हे माहीत नव्हतं, बाबा. मला वाटत होतं की फक्त तुम्ही ऐकलंत. मी गाडी वळवली आणि त्यांना घरी सोडलं. पाटल्या वाचल्या. बांगड्या गेल्या त्या गेल्या.

गेल्या रविवारी पॉटलक आमच्याकडे होता. काका आले, थोडे थकलेले दिसले. आई वाढता वाढता त्यांना म्हणाली, वेळेवर ह्यांचं ऐकलं असतंत तर आज तुम्हीही मजेत असता. मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. काकांनी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खरं आहे, वहिनी. तो शहाणा होता. आम्ही उगाच हसलो." आईचा चेहरा असा फुलला की मी तसा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. काकांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

हे तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. समोर असतात तर मी आजही रेडिओच लावला असता. काका तसं म्हणाले, त्या क्षणी मला मान वर करता येऊ नये एवढी लाज वाटायला हवी होती. बायकोच्या बांगड्या घालवून बसलेला म्हातारा माणूस माझं खोटं स्वतःच्या तोंडाने खरं करत होता. पण तेवढ्या सगळ्या लोकांसमोर कोणीतरी तुम्हाला शहाणा म्हटलं, आणि मला बरं वाटलं, बाबा.