सात नंबरची बाई

आई, गेल्या दिवाळीच्या आधी तुझ्याबद्दल छापलेली साडेचार पानं माझ्या हाती आली. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तुझ्याबद्दल कुणी काही छापून ठेवलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी आता डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हे तुला ठाऊक नाही, तू गेलीस तेव्हा मी परीक्षाच देत होते. एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्यांनी त्यांची सगळी पुस्तकं खोक्यांत भरून आमच्याकडे पाठवली होती आणि मी एकेक काढून नोंदवत होते. त्यात एक बारकं, खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक निघालं. ठाण्याच्या परिसरात घरकाम करणाऱ्या बायकांची व्रतं आणि उपास, असा विषय. लेखिकेचं नाव वाचलं आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. वर्तकनगरच्या मॅडम. ज्यांच्याकडे तू चौदा वर्षं पोळ्या लाटल्यास, त्याच.

असलं पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं हा आमच्या कामातला नेहमीचा घोळ. धर्म म्हटलं तर दोनशेच्या आकड्यात जातं, समाजशास्त्र म्हटलं तर तीनशेच्या. दोनशेच्या कपाटाशी पोथ्या आणि स्तोत्रं मागणारे येतात, त्यांच्या हाती हे पडलं तर तक्रारच यायची. ठरवण्यासाठी म्हणून मी प्रस्तावना वाचायला घेतली. मॅडमनी लिहिलं होतं की धर्माचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यानं देव आहे की नाही याचा निवाडा करायचा नसतो. माणसं काय करतात, काय करतो म्हणून सांगतात, आणि त्या दोहोंत फट कुठे पडते, तेवढं बघायचं असतं. मला ते वाक्य आवडलं नाही. दुसऱ्याच्या घरातल्या फटी बघत बसायला यांना कुणी सांगितलं होतं? आणि ज्या घरांत यांचं जाणं-येणं नव्हतं, तिथल्या फटी यांना कुणी दाखवल्या? हा प्रश्न मनात आला आणि मी उभ्या उभ्याच पानं उलटायला लागले.

तू त्यांच्याबद्दल फार बोलायची नाहीस. 'बाई चांगली आहे, पण लिहून ठेवते,' एवढंच. शहाडच्या आपल्या खोलीत बसून तू हे सांगायचीस तेव्हा आवाज खाली आणायचीस, जशी काही बाई भिंतीपलीकडे वही घेऊन बसली आहे. आजी विचारायची, 'काय लिहिते?' तू म्हणायचीस, 'आपण काय खातो ते.' आजी हसायची. तिला वाटायचं, शिकलेल्या लोकांना उद्योग नसतात.

पुस्तकात कुणाचंच नाव नाही. प्रत्येकीला आकडा दिलाय. सात नंबरच्या बाईवर साडेचार पानं आहेत. ती पाच घरी कामं करते. तिच्या सासूनं आजारी नातवासाठी नवस बोलला होता की मुलगा वाचला तर सून जन्मभर संकष्टी करील, तीही कडक, चंद्र उगवेपर्यंत चहापाण्यावर. मुलगा वाचला. सुनेनं नऊ वर्षं उपास केला. मग एकदा चतुर्थीच्या दिवशी ती एका इमारतीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, आणि त्यानंतर तिनं दुपारी एका घरी जेवायला सुरुवात केली. घरी जाऊन ती उपासाचंच सांगे. चंद्र बघून नैवेद्य दाखवी, मग सगळ्यांसोबत पुन्हा जेवी. मॅडमनी तिचं बोलणं जसंच्या तसं दिलंय: 'नवस सासूनं बोलला. देवाला तिनं माझं पोट देऊन टाकलं, मला न विचारता. असा दुसऱ्याच्या पोटावरचा नवस तो घेतच नसेल. घेत असला तर मला त्याच्याशी काही बोलायचं नाही.' आणि खाली, 'घरी मी सांगते, आज पोटाला सुट्टी.'

पोटाला सुट्टी. हे दोन शब्द तुझ्याखेरीज कुणाच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत.

तरी माझा विश्वास बसेना. मॅडमना जे ऐकायचं होतं ते तू ऐकवलं असशील, असं वाटलं. पगार देणाऱ्या बाईसमोर माणूस तिच्या मनासारखं बोलतो. किंवा मॅडमनीच चार बायकांचं एकत्र करून एक बाई बनवली असेल. दोन दिवस मी ते पुस्तक टेबलाच्या खणात ठेवलं, नोंदवलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी, रजिस्टरवर शिक्के मारता मारता, मला ते ताट आठवलं.

मी आठ-नऊ वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे, आजी गावी गेलीय, म्हणून तू मला वर्तकनगरला घेऊन आली आहेस. मी ओट्याखाली बसून कणकेचा उंदीर करतेय. मॅडम पाट मांडतात, दोन ताटं वाढतात, वरण-भात, वांग्याची भाजी, तुझ्याच हातच्या पोळ्या, आणि तिसरं माझ्यासाठी. 'बसा,' त्या म्हणतात. तू हात धुऊन पदराला पुसतेस. आणि मी, शाळेत उत्तर येत असल्यासारखी, सांगते, 'आईचा आज उपास आहे.' मॅडम तुझ्याकडे बघतात. तू ते ताट माझ्या ताटाशेजारी सरकवतेस आणि म्हणतेस, 'हो की. विसरायलाच झालं.' त्या दिवशी तू अजून तीन घरची कामं केलीस. परतताना माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठले. 'तिथं तोंड उघडायचं नाही,' म्हणालीस, 'कळलं? तिथंच काय, कुठंच.' मला वाटलं मी हावरटासारखी जेवले म्हणून तू रागावलीस. त्यानंतर तू मला कधी तिकडे नेलं नाहीस.

म्हणजे ते खरं होतं. माझ्यामुळे तू त्या दिवशी उपाशी राहिलीस. हे कळायला मला तीस वर्षं आणि एका परक्या बाईचं पुस्तक लागलं.

मी हे कुणाला सांगितलं नसतं. पण तुझ्या मागे दादानं तो उपास वहिनीकडे दिलाय. तो आता टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यानं वहिनीला सांगितलं, 'आईनं माझ्यासाठी जन्मभर केला. घरात तो मोडायचा नाही.' वहिनी गुणी आहे, तिनं केला. दोन वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हणून बजावलं. दादा म्हणाला, 'आईला काय कमी त्रास होता?' डिसेंबरातल्या चतुर्थीला वहिनी गॅसपाशी उभी होती ती तशीच खाली बसली. कढईत तेल होतं. मी तिथे होते म्हणून गॅस बंद केला आणि तिच्या तोंडात साखर घातली. शुद्धीवर आल्यावर तिनं काय विचारलं असेल? 'ताई, साखर गिळली मी. मोडला का?'

दुसऱ्या आठवड्यात मी वर्तकनगरला गेले. मला पुरावा हवा होता. मॅडम आता ऐंशीच्या पुढे आहेत, एकट्याच राहतात. साखळी लावूनच त्यांनी दार किलकिलं केलं.

"कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"कुणी नाही. तुमचं पुस्तक वाचलंय."

"वाचून लोक मला शिव्या द्यायला येतात. तुम्ही कशाला आलात?"

मी तुझं नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण साखळी काढली. स्वयंपाकघर तेच होतं, ओटा नवा होता. मी पुस्तक काढून पान उघडलं आणि म्हटलं, ही माझी आई.

"मी कुणाचं नाव सांगत नाही," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाचंही नाही. त्या बायकांना मी शब्द दिलाय."

"मी तिची मुलगी आहे."

"म्हणूनच. त्यांना घरच्यांचीच भीती होती. माझी नव्हती."

मी वहिनीचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "कशावरून ओळखलंत?" मी पोटाच्या सुट्टीचं सांगितलं तसं त्यांनी पुस्तक जवळ ओढून त्या ओळीवर बोट ठेवलं. "ते वाक्य मी काढायला हवं होतं," म्हणाल्या. "आवडलं म्हणून ठेवलं. चूक झाली." मला त्यांचा राग आला. बाई मरून गेली, सून ओट्यापाशी पडली, आणि यांना आपल्या कामातली चूक दिसतेय. पण खोटं का बोलू, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तुमचा या कशावर विश्वास आहे का, असं मी त्यांना जरा तिरकसच विचारलं. त्या म्हणाल्या, तो प्रश्न आम्ही चपलांसारखा दाराबाहेर काढून आत जातो, निघताना ज्याचा त्यानं घालावा. मग, जणू हवामानाबद्दल बोलतायत अशा स्वरात, म्हणाल्या, "सात नंबरच्या बाईला मी काहीच विचारलं नव्हतं. तिनंच म्हटलं, एवढ्या जणींचं लिहिता तर माझंही लिहा. घरात कुणाला सांगता यायचं नाही, कुठेतरी असू दे. लिहून झालं की मला मोठ्यानं वाचायला लावायची. तीन गोष्टी तिनं खोडायला लावल्या."

"कुठल्या?"

"खोडलं ते खोडलं."

त्या साऱ्या तासात त्यांनी एकदाही 'तुमची आई' म्हटलं नाही.

मी दादाकडे गेले आणि त्याला ती पानं वाचायला दिली. तो सोफ्यावर बसून ओठ हलवत वाचत होता, वहिनी दारात उभी होती.

"नाव आहे का तिचं कुठं?" त्यानं विचारलं.

"नाव देत नाहीत. तशी पद्धत असते."

"मग झालं तर. उद्या कुणीपण उठून कुणाबद्दल काहीपण लिहील."

मी ताटाचं सांगितलं. जिन्यात पडल्याचं त्यालाही आठवत होतं. तू तेव्हा कपाळाला हळद लावून आलेली. मग त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मॅडमनी साखळीच्या फटीतून बघितलं होतं. "तुला हे आत्ता का सांगायचंय? तुझा देवबिव नाही म्हणून आईचा पण नव्हता, असं करायचंय का तुला?" थोडंसं तसं होतंच.

पुढच्या चतुर्थीला दुपारी वहिनीचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी जेवतेय. ह्यांनीच सकाळी सांगितलं, तू खा, मी करतो." रविवारी मी टिटवाळ्याला गेले. दादा बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होता.

"पटलं ना शेवटी?" मी म्हटलं.

"पटलं नाही."

"मग?"

त्यानं चादरीची घडी घातली. "तिनं केला असेल, तर मी केल्यानं काही बिघडत नाही. आणि नसेल केला तर तो राहिलाय. माझ्यासाठी बोललेला होता ना. मग मी करतो की पुरा."

मॅडमच्या प्रस्तावनेत हे कुठल्या फटीत बसतं, मला ठाऊक नाही. मी त्यांना कळवलेलंही नाही. कळवलं तर त्या लिहून ठेवतील. पुस्तक मी तीनशेत लावलं. आजतागायत कुणी नेलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी दादाला वाचू दिली नाही, त्या ओळीवर अंगठा धरून मी पान त्याच्यापुढे केलं होतं. तिथे लिहिलंय, सात नंबरच्या बाईला एकच मूल, मुलगा. मॅडमकडून निघताना मी उंबऱ्यात थांबून विचारलं, "आणि मुलगी?"

"सात नंबरच्या बाईला मुलगी नाही."

"तुम्ही मला इथं ताट वाढलं होतंत."

"मी पुष्कळ जणींच्या मुलींना ताटं वाढलीत," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

ओळख पटू नये म्हणून असं बदलतात, गाव बदलतात, मुलं कमी-जास्त करतात, हे मी नंतर त्या कपाटातली बाकीची पुस्तकं चाळून शोधून काढलं. तसंच असेल. किंवा त्या तीन खोडलेल्या गोष्टींतली एक मी असेन. माझ्यावरून कुणी तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून तू मला खोडायला लावलं असशील. किंवा त्या वहीपुढे बसलेली असताना तुला माझी आठवणच झाली नसेल. तिन्हींवर माझा विश्वास बसतो, वेगवेगळ्या दिवशी. पुन्हा जाऊन विचारता येईल, मॅडम अजून आहेत. मी जात नाही.

हे लिहिलेलं कुणाला देणार नाहीये, म्हणून एक कबूल करून टाकते. त्या दिवशी खोक्यांच्या मधे उभी राहून मी ती साडेचार पानं पहिल्यांदा वाचली, तेव्हा तुझ्या उपासाकडे, तुझ्या पोटाकडे माझं नीट लक्षच नव्हतं. मी त्यात मला शोधत होते.