बेबीताईची वाटी आणि माझी फार्मसी

देऊळघाट,
रविवार, दुपार

आदरणीय नागसेनमामा यांना,

समताचा मनापासून जयभीम. मंजुश्रीमामींनाही सांगा. इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? (आईने विचारायला सांगितलंय. "अजून रोज सकाळी तळ्याचा उतार उतरत असतीन," असं ती काळजीने कमी आणि रागाने जास्त म्हणाली.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर कामाचा विषय निघाला की तुम्ही "हाव, हाव, मामीले देतो" म्हणून मोकळे होता. पत्राला तसं करता येत नाही.

तर मामा, माझा बी. फार्म.चा निकाल लागला आणि पेढे यायच्या आधी आबांनी स्टँडजवळचा गाळा घेतला. गावात लेकीचं मेडिकल असावं, हे त्यांचं जुनं स्वप्न. मला मात्र काउंटरमागे बसायचं म्हटलं की जांभई येते. "मंग काय व्हाचं हाय तुले?" असं त्यांनी विचारलं, तर मलाही ठाऊक नव्हतं. शेवटी मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली: फार्मसी शिकून आणखी काय काय होता येतं ते बघून येते, नाही सापडलं तर निमूटपणे गाळ्यात बसते. आबा हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फळ्या ठोकायला सुतार बोलावला. (यावरून त्यांचा माझ्यावर किती भरवसा आहे ते कळतं.)

आधी गेले औषधांच्या एका कारखान्यात. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, बुटांवर पिशव्या, आरशात मीच मला ओळखेना. काम काय, तर पाण्यात गोळी किती वेळात विरघळते ते बघायचं. मी बघितलं. विरघळली. दुसरी टाकली, तीही विरघळली. (एक तरी गोळी "नाही विरघळत जा" म्हणाली असती तर मी टिकले असते.) दुपारी आईने दिलेला ठेचा मी मोठ्या आग्रहाने सगळ्यांना वाढला. जेवण झाल्यावर साहेबांनी नुसताच डोळ्याला हात लावला, मग त्यांच्या मदतनिसाने, मग बाकीच्यांनी. दुपारभर तो अख्खा विभाग रडत होता आणि गोळ्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मला कुणी "जा" म्हणालं नाही. फक्त संध्याकाळी फाटकापर्यंत सोडायला झाडून सगळे आले.

मग माझ्या वर्गातली पूनम, ती औषध कंपनीची एम.आर. आहे, तिच्यासोबत बुलढाण्यात बॅग घेऊन फिरले. एका डॉक्टरांनी विचारलं, या गोळीत नवीन काय आहे? पूनम पाठ केलेलं बोलणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "खोकं, सर." डॉक्टर पोट धरून हसले. पूनम मात्र मला दंडाला धरून जिना उतरली, आणि खाली आल्यावर म्हणाली, "तू गाळ्यातच बस वं." मलाही ते पटायला लागलं होतं.

आणि मग बेबीताईची वाटी आली! बेबीताई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, हे काय मी तुम्हाला सांगावं? भाजी आली की कढी जाते, कढी आली की लोणचं. तर बेबीताईला तिच्या बीपीच्या गोळ्यांनी फार हलकं वाटलं, म्हणून तिने समोरच्या रुखमाबाईलाही वाटीभर गोळ्या पाठवल्या. रुखमाबाईने वाटी घासली, पुसली, आणि आपल्या शुगरच्या गोळ्या घालून परत केली. दिलेलं टाकायचं कसं, म्हणून बेबीताईने त्या सुरू केल्या.

सकाळी बघते तर बेबीताई ओट्यावर घामाने भिजलेली, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. बायांनी नजर उतरवायला मिरच्या आणल्या होत्या. मी विचारलं, काय खाल्लं? तर म्हणते, "मले शुगर नाही, पण रुखमाबाईच्या गोळ्या घेऊन राह्यली ना!" मी पळत जाऊन साखरेचं पाणी आणलं, थोडं थोडं पाजलं, जरा सावरल्यावर तिला ऑटोत घातलं आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. रुखमाबाई वाटभर एकच बोलत होती, "मंग काय रिकामी वाटी देऊ?" (तिचं डोकं वेगळ्याच गोळ्यांनी गरगरत होतं. तिलाही तपासून आणलं.)

बेबीताई वाचली. तिथले डॉक्टर म्हणाले, "साखर उतरली हे तुम्ही नेमकं ओळखलंत. वॉर्डात रोग्याजवळ बसून कुणाला कोणतं औषध कशासोबत जातंय हे बघणारा फार्मासिस्ट मला हवाच आहे." मामा, तो धडा मी मार्कांसाठी घोकला होता, पण धड्यात बेबीताई नव्हती! मला तिथेच आनंदाने हसू फुटलं आणि रुखमाबाईला वाटलं, हिनेही वाटीतलं काही खाल्लं. मी अर्ज केला आणि नागपूरला त्याच शिक्षणासाठी माझा नंबर लागला.

पण मी गेले तर आबांच्या मेडिकलला फार्मासिस्ट कुठून आणायचा? त्याच्याशिवाय शटर उघडता येत नाही. आबांना सांगायचा धीर अजून होत नाही. ते रोज संध्याकाळी जाऊन रिकाम्या फळ्या फडक्याने पुसतात. मला ते बघवत नाही.

बाकी सगळं छान. तब्येतीला जपा.

तुमची लाडकी (असं आजवर तुम्हीच म्हणता),
समता

ता. क. : सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत तुम्ही उभा जन्म काढलात, आणि तुमची फार्मासिस्टची नोंदणी अजून चालू आहे असं कळतं. मी शिकून येईपर्यंत आमच्या गाळ्यात बसाल का? एवढंच विचारायचं होतं.

ता. क. दुसरा : आत्ताच गाळ्यात जाऊन, धीर करून आबांना नागपूरचं सांगितलं. त्यांनी ती फळी पुसून पुरी केली. मग म्हणाले, "तू जाय. मले मेडिकल कायले पाह्यजे होतं? पोरगी काय शिकली ते गावाले दिसाले पाह्यजे होतं. ते तं बेबीताईनं साऱ्या गावाले सांगतलं." मी रडले, मामा. आबाही रडले, पण त्यांनी फळीवरच्या धुळीचं नाव सांगितलं.

ता. क. तिसरा : मामींचा होकार आधीच आला आहे. घरी बसल्यापासून तुम्ही हळद-तिखटाच्या डब्यांवर मुदतीच्या चिठ्ठ्या चिकटवता आणि मुदत संपली की फोडणी अडवता, असं त्या म्हणतात. तुमची उशी, स्वेटर आणि वाचायचा चष्मा त्यांनी कालच एस.टी.ने इकडे पाठवून दिला. तेव्हा चष्मा घरात शोधू नका. हे पत्र आत्ता मामीच मोठ्याने वाचत असणार. मामी, इथे जरा थांबा, आणि मामांचा चेहरा कसा झालाय ते मला लगेच फोन करून सांगा.