ब्रानिलच्या वंशातले डोळे

१२ ऑक्टोबर, शनि.
शेवटी व्याही मिलान आले डोळे तपासायला. मेडनहेडहून पिनरला माझ्या चष्म्याच्या दुकानापर्यंत एकटे, हातात पांढरी काठी. सहा महिने मागे लागले होते त्यांच्या.
पडदा स्वच्छ. नस निरोगी. डोळ्यांचा दाब सोळा, ठीक. मोतीबिंदूसुद्धा नाही. असे डोळे चाळिशीतल्या पेशंटचेही नसतात. आणि मिलानना चार्टवरचं सगळ्यांत मोठं अक्षर दिसत नाही. हॉस्पिटलवाल्यांनी मेंदूचा स्कॅनही केलाय. काही नाही.
"घरात आणखी कुणाला?"
"वडिलांना. त्यांच्या वडिलांना."
"कुठला आजार?"
हसले. "आजार नाही. ब्रानिल."
फॉर्मवर तो रकाना कोराच ठेवला.

२० ऑक्टो., रवि.
लेक-जावई, इरा-लूका, जेवायला. ब्रानिल कोण, विचारलं. इराला पाचवा सरलाय, श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊनच सांगत होती. "अगं, लूकाचा अँसेस्टर. सर्बियात सिक्स हंड्रेड इयर्सपूर्वीचा सरदार. किल्ल्यासाठी धाकट्या भावाचे डोळे काढले, तापलेल्या सळईने. मग गिल्टी वाटून चर्च बांधलं." त्या चर्चच्या भिंतीवर सगळं कुटुंब रंगवलंय, त्याचा फोटो मिलानच्या हॉलमध्ये आहे. मी पाहिलाय की! टोकाच्या माणसाच्या चेहऱ्याचा गिलावा उडालाय. तोच भाऊ म्हणे. नाव होतं तेवढाही तुकडा खरवडलेला.
इरा हसत होती. लूका नाही. ताटात बघत होता.

५ नोव्हें., मंगळ.
लूका दुकानात. अपॉइंटमेंट नाही, ब्रॅकनेलच्या ऑफिसमधून थेट. "आई, डोळे बघा ना." (आई एवढं तो मराठीत म्हणतो.)
नजर सहा-सहा, उत्तम. बाहुल्या बघायला दिवा मंद केला, तर म्हणाला, "तुमच्या मागे उभे आहेत त्यांना बाहेर थांबायला सांगा."
दार मीच लावलं होतं. तरी वळले. कोणी नव्हतं.
"कसा दिसतो?"
"दिसत नाही. तेच तर. तो असतो तिथलं काहीच दिसत नाही."
तीन आठवड्यांपूर्वी पार्किंगच्या पार टोकाला होता. रोज थोडा जवळ.
नजरेच्या कक्षेची टेस्ट घेतली. प्रिंट निघाला. मधोमध उभा काळा डाग, वर गोल, खाली रुंद. मशीन बिघडलं असेल म्हणून माझीच टेस्ट केली, स्वच्छ. त्याची परत केली. तोच डाग.
प्रिंट त्याने घडी घालून कोटात ठेवला. "इराला नका सांगू." पेशंट म्हणजे पेशंट. नाही सांगणार.
हॉस्पिटलला अर्जंट रेफरल.

१४ नोव्हें., गुरु.
लूकाचं हॉस्पिटल: डोळे, मेंदू नॉर्मल. डाग त्यांच्या मशीनवरही आहे, कारण कुणाला माहीत नाही. माझ्या प्रिंटपेक्षा मोठा आलाय.
इराचा रोज फोन. मी डिंकाचे लाडू, पाठदुखी, असलं काहीबाही बोलत राहते. पोटात मुलगा आहे.

२१ नोव्हें., गुरु.
मेडनहेड. मिलानच्या कुलसंताचा दिवस. मोठा पाव, शिजवलेले गहू, मेणबत्ती. मग वहीतून मेलेल्यांची नावं वाचायची, ब्रानिलपासून. मिलानना दिसत नाही, लूका हल्ली वाचणं टाळतो, म्हणून इरा वाचत होती. मध्येच थांबली.
"भावाचं नाव कुठाय?"
मिलान म्हणाले, ते घेत नाहीत. बाप मुलाला ते नाव एकदाच सांगतो, पुन्हा घ्यायचं नाही म्हणून. घेतलं तर त्याला आपला पत्ता लागेल.
"पत्ता आहेच त्याला. लूकाच्या समोर उभा आहे तो."
इराला लूकाच्या कोटात प्रिंट सापडला होता. लूकाकडून सगळं काढून घेतलं, मला विचारलं नाही, आई खोटं बोलेल म्हणून.
मग लूका म्हणाला, "पापा, सांगा तिला."
मिलाननी सांगितलं. दोनच अक्षरं. इराने बॉलपेनने ब्रानिलच्या खाली लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.
काही झालं नाही. बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स होत होती. मिलान रडत होते, पण चेहरा लूकाकडे नव्हता. इराकडे होता.

३० नोव्हें., शनि.
लूकाची टेस्ट. दोनदा. डाग नाही, कुठेच नाही. त्याने मला मिठी मारली, रडला. मिलानना मात्र पूर्वीइतकंच, म्हणजे काहीच दिसत नाही.
लूका गाडी आणायला गेल्यावर इरा माझ्या खुर्चीत बसली. पोटावर हात.
"मग गेला कुठे गं तो?"
मी मशीन बंद केलं. तीच म्हणाली, बाळाला त्या भावाचंच नाव ठेवणार आहे. लूकाला आधी नको होतं, आता तयार आहे. "किती वर्षं बाहेर ठेवलं त्याला." लूकाला बहीण नाही, तेव्हा बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं मी.
हो म्हणाले. काय म्हणणार?
ते गेल्यावर नाव एकदा म्हणून बघावं म्हटलं, उच्चार तरी जमावा. दुपारचे तीन, दुकान उघडं, रस्त्यावर लख्ख ऊन. तोंड उघडलं. मिटलं.
इराची फेब्रुवारीअखेरची तारीख आहे.