चौथ्या गाण्यातली धनुकली

जळगाव

अब्बा,

हे पत्र टाकणार नाहीच, म्हणून खरं लिहिते. आमच्या रॉक बँडचा अल्बम आला. तुम्ही त्याला धिंगाणा म्हणता, म्हणून कळवलं नव्हतं. पुण्याच्या एका समीक्षकाने बाकी गाणी झोडपली. चौथ्या गाण्यातला ठोका मात्र त्याला फार आवडला. वाजवणाऱ्याचं नाव का दिलं नाही, असं विचारलंय.

तो तुमच्या धनुकलीचा ठोका आहे. कापूस पिंजायचं मशीन बिघडलं म्हणून तुम्ही ती माळ्यावरून काढून हाताने पिंजायला बसलात, तेव्हा मी खिडकीआडून चोरून रेकॉर्ड केलं. असा आवाज हवाय, हे आधी फक्त अम्मीजवळ बोलले होते.

आज फोनवर अम्मीला विचारलं, मशीन दुरुस्त झालं का?

ती म्हणाली, "बिघडलं कधी होतं?"

तुमची पकडली गेलेली चोर,
नौशीन